शेवाळाचं कुरण

म्हाळूअण्णांनी मला पहिला मासा विकायला सतरा दिवस लावले. सोलापुरात एवढ्या वेळात लोक मुलगी बघून, याद्या करून, साखरपुडा उरकून मोकळे होतात. मी तर फक्त टाकीच्या काचेवरचं शेवाळ खाणारा एक मासा मागितला होता.

शुक्रवार पेठेत आमच्या औषधाच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं 'बिरोबा मत्स्यालय' होतं. मत्स्यालय कसलं, एका जुन्या घराच्या जिन्याखालची खोली. दोन्ही भिंतींना टाक्या, मधून एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट, आणि वाटेच्या टोकाला स्टुलावर घोंगडीची घडी टाकून बसलेले अण्णा. पांढरी टोपी, पांढरा सदरा, कपाळाला भंडारा. माळशिरसकडच्या एका धनगरवाडीचे. आजा मेंढरांमागे, बाप मेंढरांमागे, आणि हे माशांमागे कसे लागले, हे मी त्यांना अनेकदा विचारलं. उत्तर एकच यायचं. "तितं मेंढरं राखायची, हितं मासं राखायचं. फरक काय हाय? हितं कुत्रं लागत न्हाय एवढंच."

टाकी माझी नव्हे, माझ्या लेकीची. ऋता पुण्याला शिकायला गेली आणि जाताना अडीच फुटी टाकी, चार गप्पी, आठ टेट्रा आणि "आई, तेवढं बघ हं" हे वाक्य मागे ठेवून गेली. दोन महिन्यांत पुढची काच अशी हिरवी झाली की आत मासे आहेत हे पाहुण्यांना सांगावं लागायचं. मी पडले औषधवाली. तक्रार कानावर आली की हात आपोआप फळीकडे जातो. शेवाळ झालं, तर शेवाळ खाणारा मासा आणायचा, त्यात विचार काय करायचा, असं माझं डोकं. तशीच दुपारच्या वेळी दुकानात जाऊन उभी राहिले.

"अण्णा, शेवाळ खाणारा एखादा मासा द्या."

अण्णांनी टोपी सारखी केली. "टाकी कुटं ठिवलीया?"

"हॉलमध्ये, खिडकीसमोर."

"खिडकी कुन्या बाजूची?"

"दक्षिणेची."

"आत कोण कोण हाय?"

मी यादी सांगितली.

"खायला कोण घालतंय?"

"मी. सकाळी एकदा, चिमूटभर."

"दुसरं कोण घालत न्हाय?"

"नाही हो! एक मासा द्यायला एवढी चौकशी?"

"ताई, कुरण बघितल्याबिगर जनावर सोडत न्हाईत," ते शांतपणे म्हणाले. "मी येतो घरी. आदी कुरण बघू."

मला राग आला. गिऱ्हाईक आपल्या पायाने चालत आलंय आणि हा माणूस त्याची उलटतपासणी घेतोय! माझ्या दुकानात मी असं केलं असतं तर संध्याकाळपर्यंत समोरच्या मेडिकलमध्ये रांग लागली असती.

अण्णा आले आठव्या दिवशी. मधले दोन दिवस पाण्याचे म्हणून गेले. नळाला पाणी आलेल्या दिवशी कुणाच्या घरी जायचं नाही, हा त्यांचा नियम होता. "त्या दिवशी सोलापुरात माणूस माणसात नसतंय," असं ते म्हणत, आणि ते खोटं नाही. आल्यावर सोफ्यावर बसा म्हटलं तर बसले नाहीत. टाकीसमोर फरशीवर मांडी घातली, डोळे पाण्याच्या पातळीला आणले आणि गप्प झाले. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. सासूबाईंनी चहा आणून दिला, तो त्यांनी टाकीवरची नजर न काढता प्यायला. मधूनच फरशीवरच्या उन्हाच्या कडेला बोट लावून बघत, पुन्हा काचेकडे बघत. तासभर हे चाललं. मी दोनदा घड्याळ बघितलं, तेही मुद्दाम त्यांना दिसेल असं.

तासाभराने ते वळले, ते माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे.

"आक्का, भाकरी कंची घालता? जवारीची का बाजरीची?"

"ज्वारीची," सासूबाई बोलून गेल्या आणि मग तोंडाला पदर लावला.

झालं होतं ते असं. मी दुकानात गेले की सासूबाई रोज दुपारी कडक भाकरीचा बारीक चुरा करून टाकीत सोडत होत्या. सकाळी चिमूटभर खाऊन मुकी जनावरं दिवसभर राहतील कशी, या काळजीने त्यांना घास जात नव्हता. दोन महिने हा उद्योग माझ्या नाकाखाली चालला होता आणि मला पत्ता नव्हता. अण्णांना मात्र दगडाच्या बुडाशी अडकलेला पांढरा भुगा दिसला होता.

"ऊन जास्ती, खाणं जास्ती," अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले. "उरलेल्यावर शेवाळ पोसतंय, त्याचा काय गुन्हा? मासा लागत न्हाय. पडदा लावा. आन् आक्का, भाकरी तुमी खावा."

एवढं बोलून पायात चपला सरकवून ते गेले. घरी येऊन, तास घालवून, काहीही न विकता गेलेला दुकानदार मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मी पडदा लावला. आठवड्यात पाणी निवळलं, काचेवरचा हिरवा थर विरळ झाला. सतराव्या दिवशी अण्णा आपण होऊन दारात हजर. हातात पाण्याने फुगलेली पिशवी आणि तिच्यात तीन ब्लॅक मॉली. टाकीच्या झाकणाला भंडाऱ्याचं बोट लावलं आणि मासे सोडले.

"ही शेळी," ते म्हणाले. "आपलं सोलापूरचं पाणी जड, तिला तसलंच मानवतंय. हितं तोंड घाल, तितं तोंड घाल, आसं करत दिसभर खात बसती. तुमच्या टाकीत आता उरलंय तेवढं तिला पुरं."

अण्णांच्या डोक्यात शेवाळ खाणाऱ्या सगळ्या माशांची अशी जात ठरलेली होती. मॉली म्हणजे शेळी. ओटो नावाचा बोटाच्या दोन पेरांएवढा मासा म्हणजे मेंढरू: एकटं दिलं तर झुरून मरतं, सहाचा कळप पाहिजे, आणि जुनी, मुरलेली टाकी पाहिजे. सायमीज म्हणजे खिलार बैल: चपळ, देखणा, दुसरं कुणी तोंड लावत नाही ते काळं केसाळ शेवाळही ओढून खाणारा, पण त्याला पळायला लांब टाकी हवी. आणि सकर म्हणजे म्हैस. सगळ्यांना हवा असायचा सकरच. काचेला तोंडाने चिकटतो म्हणून लहान मुलांना त्याची गंमत वाटते, आणि दुकानात असतो बोटाएवढा. अण्णा दोन्ही हात पसरून दाखवत. "दोन वर्सांत एवढा व्हतोय. दोन फुटाच्या टाकीत म्हस बांधता व्हय तुमी?"

लोक चिडत. दुसरीकडे जाऊन सकर घेत. आणि दीड-दोन वर्षांनी बादलीत आडवं मावत नाही असं धूड घेऊन तेच लोक खाली मान घालून जिन्याखाली उभे राहत. अण्णा एका शब्दाने बोलत नसत. मागच्या बोळात त्यांनी सिमेंटचा एक मोठा हौद बांधला होता, त्यात त्याला सोडून देत. त्या हौदाला मी गोठा म्हणायचे. एकदा मोजले तर आत सात म्हशी होत्या.

एक मासा मात्र ते दुकानात येऊच देत नसत. त्याला ते चिकटा म्हणत. हा लहानपणी फार गुणी. काच चाटून लख्ख करतो. पण मोठा झाला की शेवाळाचा त्याला कंटाळा येतो, आणि तो दुसऱ्या माशांच्या अंगाला तोंड लावून त्यांच्या कातडीवरचा बुळबुळीत थर खातो. रुंद अंगाचा, संथ मासा असला तर विचारूच नका. आणि खोड अशी की लहानपणी हा सायमीजसारखाच दिसतो. दोघांच्याही अंगावर काळा पट्टा. सायमीजचा पट्टा नाकापासून निघून सरळ शेपटीच्या टोकापर्यंत जातो. चिकट्याचा तुटक असतो आणि शेपटीच्या आधीच थांबतो. बाहेरगावाहून माल आला की खोक्यात एखादा चिकटा भरती आलेलाच असायचा. अण्णा एकेक मासा काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धरत आणि पट्ट्यावरून नजर शेपटीपर्यंत नेत. गिऱ्हाइकाला ते बाकी कसलीच हमी देत नसत. मासा जगेल म्हणत नसत, वाढेल म्हणत नसत. एकच शब्द देत, तोही छातीवर हात ठेवून. "माझ्या दुकानातलं जनावर दुसऱ्याच्या अंगाला जाणार न्हाय."

वर्षभराने त्यांनी मला सहा ओटो दिले. टाकी मुरली होती, मीही थोडी मुरले होते. मला तो मोठा मानच वाटला, पुण्याला लेकीला फोन करून सांगितलं. आणि मग आलं नवरात्र. घट बसायच्या आधी आमच्याकडे घर धुऊन निघतं. गोधड्या, चादरी, डबे, माळ्यावरची भांडी, दारं-खिडक्या, काही म्हणजे काही सुटत नाही. त्या झपाट्यात सासूबाईंनी आणि मी टाकीही सोडली नाही. दगड ब्रशने घासले, लाकडाचा ओंडका घासला, काचा चारी बाजूंनी चकचकीत केल्या. आरशासारखी टाकी झाली. देवीही खूश होईल असं मला वाटलं.

दसऱ्याला अण्णा सोनं द्यायला आले. आपट्याचं पान सासूबाईंच्या हातावर ठेवता ठेवता त्यांची नजर टाकीवर गेली आणि हात तिथेच थांबला.

"कुरण खरवडून काढलंत की वो!" ते म्हणाले. "आता ही काय खात्याल?"

मी वाकून बघितलं. सहातले पाचच दिसत होते, आणि त्यांची पोटं आत गेली होती. घरभर सगळं धुऊन-पुसून आम्ही त्या बारक्या जिवांच्या तोंडचा घास पुसला होता. मला इतकं वाईट वाटलं की श्रीखंड गिळवेना. अण्णा रागावले नाहीत. तसेच परत गेले आणि अर्ध्या तासात एका घमेल्यात ओले, हिरवेगार दगड घेऊन आले.

तेव्हा मला त्यांच्या गच्चीवरचा कारभार कळला. तिथे रांगेने पसरट घमेली होती, पाण्याने भरलेली, आणि प्रत्येकात नदीतले गोटे. सोलापूरच्या उन्हात त्यांच्यावर आठ-दहा दिवसांत दाट शेवाळ चढायचं. ज्या घरी ओटो असतील त्या घरचे चरून झालेले गोटे अण्णा उचलून आणत, गच्चीवर उन्हात ठेवत आणि चढलेले गोटे तिकडे नेऊन टाकत. "मेंढरं काय येका रानात बारा म्हयनं ऱ्हात न्हाईत. वाडा हलवायला लागतोय," ते म्हणाले. "हितं मेंढरं हलवता येत न्हाईत, मंग रान हलवायचं."

पुढचे पंधरा दिवस ते दर तीन दिवसांनी आमच्याकडे रान घेऊन येत होते. सोबत वाफवलेल्या दोडक्याच्या चकत्या. चार ओटो वाचले. तेव्हापासून आमच्या गच्चीवरही दोन घमेली आहेत, आणि नवरात्रात त्यांना कुणी हात लावत नाही.

याच सुमाराला माझ्या काही गोष्टी लक्षात यायला लागल्या होत्या. अण्णा मोबाईल नाकाला टेकवून बघत. खाद्याच्या पुडीवर काय लिहिलंय ते मला वाचायला सांगत. रस्त्यात मी हाक मारल्याशिवाय ओळखत नसत. मी औषधवाली, दिवसात दहा जणांना डोळे तपासून घ्या म्हणून सांगते. यांना मात्र नाही सांगितलं. वयाचं असेल म्हणून सोडून दिलं. ही माझी चूक, आणि ती मला अजून टोचते.

एक दिवस मी माशांचं खाद्य घ्यायला दुकानात गेले होते आणि नरसप्पा आले. नरसप्पा सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीतले, जन्मभर मागावर चादरी विणून आता घरी बसलेले. घरात एंजल माशांची एक जोडी पाच वर्षं सांभाळलेली. अण्णांशी मराठी बोलायचे आणि माशांशी तेलुगू. त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता. झाकण उघडलं तर आत थोड्या पाण्यात एंजलची मादी, मेलेली.

"अण्णा, औषध द्या की कायतरी," ते म्हणाले. "ही तर गेली. रोग नराला लागंल म्हणून भ्या वाटतंय."

अण्णांनी मासा तळहातावर घेतला. जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडे वळवला. मग हात माझ्यापुढे केला. "ताई, जरा बघा. बुरशी हाय का खवलं निघाल्यात?"

"खवले निघालेत," मी म्हटलं. "गोल गोल चट्टे आहेत. बुरशी नाही."

"येका अंगाला का दोनी?"

"दोन्ही."

अण्णांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, आणि आम्ही तिघं रिक्षाने नरसप्पांच्या घरी गेलो. टाकीत एकटा नर कोपऱ्यात उभा होता. खाली दगडांवर तीन सायमीज चरत होते, सात-आठ महिन्यांपूर्वी अण्णांनीच दिलेले. अण्णा टाकीसमोर बसले, पण या वेळी त्यांनी डोळे काचेला लावले नाहीत.

"ताई, पट्टा बघा," ते म्हणाले. "येकेकाचा सांगा."

"पहिल्याचा शेपटीत जातोय," मी म्हटलं. "दुसऱ्याचाही जातोय." तिसऱ्यापाशी मी थांबले. तो बाकी दोघांपेक्षा जाड झाला होता, आणि चरणं सोडून सावकाश नराच्या मागे निघाला होता. "तिसऱ्याचा तुटक आहे, अण्णा. शेपटीच्या आधीच थांबतो."

नरसप्पांना यातलं काहीच उमगलं नव्हतं. ते आपले औषधाची वाट बघत उभे. पाणी बिघडलं, असं अण्णा म्हणाले असते तरी त्यांनी मान डोलावली असती. हवा बदलली म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि मी काही बोलले नसते.

"नरसप्पा, रोग न्हाय," अण्णा म्हणाले. "तुमचा मासा मी मारला. जनावर मीच चुकीचं दिलं."

नरसप्पा काचेवर हात ठेवून म्हणाले, "चुकतंय की अण्णा. मागावर धागा तुटतोच की. तुटला तर गाठ मारायची नि पुढं विणायचं."

"धाग्याला जीव नसतोय," अण्णा म्हणाले.

त्यांनी जाळीने चिकटा बाहेर काढला आणि मादी आणलेल्या त्याच स्टीलच्या डब्यात घालून घेतला. दुसऱ्या दिवशी दुकानावर पुठ्ठा लागला: 'शेवाळाचा मासा मिळणार नाही.' मी आत डोकावले तर स्टुलाशेजारी एक छोटी टाकी मांडलेली, तिच्यात हिरवे गोटे आणि एकटा चिकटा.

"याला कशाला ठेवलाय?" मी जरा तिरसटपणेच विचारलं.

"मंग कुटं टाकू? त्याची काय चूक हाय? त्यो त्याच्या जातीवर गेला. चूक राखणाऱ्याची." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मेंढक्याला कळप वळकू यायचा बंद झाला, की त्यानं काठी खाली ठिवावी, ताई."

तीन आठवडे तो पुठ्ठा तसाच होता. अण्णा गप्पी विकत, खाद्य विकत, पंप दुरुस्त करून देत. शेवाळाचं कुणी विचारलं की बोटाने पुठ्ठा दाखवत. मग एका सकाळी ते आमच्या दुकानात आले आणि काउंटरवर हात टेकून म्हणाले, "ताई, डोळ्यात घालायचं थेंब द्या."

"कुठल्या डोळ्यासाठी?"

"दोनी."

"कधीपासून कमी दिसतंय?"

"झालं की वरीस."

"दिव्याभोवती गोल गोल कडी दिसतात? उन्हात जास्त धुरकट होतं?"

"ताई, येक बाटली द्यायला एवढी चौकशी?"

"अण्णा," मी म्हटलं, "कुरण बघितल्याशिवाय जनावर सोडत नाहीत."

त्यांचे खांदे हलायला लागले, आणि त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ते हसले. हसता हसता टोपीने डोळे पुसले. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तपासणीला जायला ते तयार होईनात. शेवटी एकदा बोलले. "समजा डागदर म्हनला, आता हे डोळं सुधरत न्हाईत. मंग? आज मला वाटतंय की कदी तरी सुधरतील. त्या आशेवर दुकान उगडतोय."

यावर उत्तर निघालं सासूबाईंकडून. त्या म्हणाल्या, "अण्णा, माझीही तपासणी राहिलीय. एकटीला भीती वाटते. चला बरोबर." सासूबाईंचे डोळे ठणठणीत होते, भाकरीच्या चुऱ्यातला खडा त्यांना दिसायचा. पण अण्णा गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला निघाला. महिन्याच्या अंतराने दोन ऑपरेशनं झाली.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर ते घरी जाण्याआधी आमच्याकडे आले. काळा चष्मा काढला आणि पहिल्या दिवसासारखी टाकीसमोर मांडी घातली. आम्ही दोघी मागे उभ्या. मला माझ्या परीक्षेच्या निकालाला एवढी धाकधूक झाली नव्हती.

"मेंढरं चार," अण्णा म्हणाले. "चारीची पोटं भरल्यात. त्या मागच्या दगडावरच्याच्या कल्ल्यापाशी बारीक डाग हाय, जलमाचा." मी तो डाग कधी पाहिलाच नव्हता. मग ते वळले. "आक्का, भाकरी आजून घालता व्हय?"

"एक चिमूट," सासूबाई म्हणाल्या. "सणावाराला."

पुठ्ठा मात्र लगेच उतरला नाही. आधी नरसप्पांचं काम व्हायचं होतं. एंजलमध्ये नर-मादी नुसतं बघून कळत नाही, म्हणून अण्णांनी सहा पिल्लं आणून वाढवली, आणि ती तळहाताएवढी झाल्यावर नरसप्पांचा नर त्यांच्यात सोडला. रोज संध्याकाळी नरसप्पा येऊन स्टुलावर बसत, अण्णा घोंगडी खाली टाकून फरशीवर. दोघं म्हातारे त्या नराकडे टक लावून बघत. नरसप्पा एखादीकडे बोट दाखवून ही चांगली आहे म्हणाले की अण्णा हात वर करत. "आपुन बोलायचं न्हाय. संसार त्याला करायचाय." वीस-बावीस दिवसांनी नर एकीला घेऊन कोपऱ्यात गेला आणि बाकीच्यांना हुसकायला लागला. त्या संध्याकाळी नरसप्पांनी आणलेले पेढे मीही खाल्ले. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा गेलेला होता.

पुढे गुडघ्यांनी अण्णांना जिना आणि गच्ची बंद केली. दुकान एका ओळखीच्या माणसाला देऊन ते वाडीला मुलाकडे राहायला गेले. जाताना घमेल्यांतले गोटे घरोघर वाटले. मला मोठे सहा दिले.

मागच्या हिवाळ्यात माळशिरसला एका लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून वाडीवर गेले. घरासमोर लिंबाचं झाड, झाडाखाली बाज, बाजेवर घोंगडी, घोंगडीवर अण्णा. अंगाने भरले होते. सुनेने चहा टाकला. अंगणाच्या कडेला मेंढरांना पाणी पाजायचा सिमेंटचा लांबट हौद होता. त्याच्या भिंतींवर शेवाळ असं माजलेलं, की माझ्यातली जुनी औषधवाली जागी झाली.

"अण्णा, हे काय हो? तुमच्याच दारात?"

"आत बघा की," अण्णा म्हणाले.

मी हौदावर वाकले. पाण्याखाली भिंतीला तोंड लावून वीतभर लांबीचा एक मासा सावकाश वर सरकत होता. मागे स्वच्छ पुसल्यासारखी वाट राहत होती. हौदात दुसरा मासा नव्हता.

"हा तोच?"

"त्योच. संगं आणला. हितं कुणाचं अंगच न्हाय त्याला चिकटायला, आन् चराई म्हणाल तर संपायची न्हाय. थंडी वाढली की रातच्याला बादलीत घालून घरात घेतो."

तेवढ्यात मेंढरं आली. धूळ उडवत, एकमेकांना रेटत हौदाच्या दोन्ही कडांना लागली आणि माना खाली घालून पाणी प्यायला लागली. चिकटा तळाशी गेला. अण्णा डोळे बारीक न करता, नुसते बघत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी दुकानात कधी बघितलं नव्हतं. मेंढरं पाणी पिऊन सरकली, तसा तो पुन्हा वर येऊन भिंतीला लागला.

"ताई," बाजेवरून अण्णा म्हणाले, "पट्टा बघा त्याचा."

मी पुन्हा वाकले. पाणी अजून हलत होतं, मला नीट दिसेना. मी वाट बघत राहिले.

"ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "शेपटीच्या आदीच थांबतोय. हितनं दिसतंय मला."